दोनशे चाळीस पावलं

कामठी रोडवर, इंदोऱ्याच्या अलीकडे
ढोमणे हवालदारांचं दुकान.
पाटीवर पंखे, मिक्सर, कुलर दुरुस्ती.
टॉर्च ते मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

मी म्हटलं, चांगला द्या, लांब जाणारा.
"तुले कुठं जाचं हाय लांब?"

मग सांगितलं :
कळमन्यात कोल्ड स्टोरेजची रात्रपाळी,
दर तासाला संत्र्याचं तापमान वहीत लिहायचं,
दोनला सुटल्यावर
वजनकाट्यापासून गाडीपर्यंत दोनशे चाळीस पावलं,
मधले चारही दिवे होळीपासून बंद.
पुढचं सांगितलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
काउंटरवर चार टॉर्च ओळीनं ठेवले,
शटर खाली ओढलं
आणि मेन स्विच पाडला.

"आता घे हातात. पेटव."

पहिल्याचं बटण अंगावर. कोणत्या बाजूला?
अंगठा आंधळ्या गोगलगाईसारखा फिरत राहिला.
"मेली तू," अंधारातून आवाज.

दुसरा हुशार : मंद, मध्यम, तेज, लुकलुक.
लुकलुकीपर्यंत पोचायला चार वेळा दाबायचं.
"मेली. थो काय मोजत उभा राहीन का तुह्यासंग?"

तिसरा जड, देखणा, तोंडाला दाते.
पर्समध्ये राहील, मी म्हणाले.
"पर्समधी कंगवा, चिल्लर, डब्याचं झाकण,
अन् त्याच्या खाली हा. मेली.
अन् ते दाते पाहून खूश नको होऊ.
भांडाले नाही देत मी. पळाले देतो."

तीनदा मेले मी
वाळ्याच्या ताट्यांचा वास असलेल्या त्या काळोखात,
आणि हसू आलं, कधी नव्हे ते,
मरण्यावरून.

चौथा वीतभरही नाही.
शेपटीला एकच बटण, खरबरीत.
मूठ वळली की अंगठा आपसूक तिथंच,
जसा दाराच्या कडीवर जातो झोपेतसुद्धा.
दाबला.

हवालदारांचा चेहरा चुन्यासारखा,
हात वर, डोळे गच्च मिटलेले,
मिशीतला एक काळा केस वेगळा दिसत होता.
"बस बस, पोरी, बस.
मी दिसलो तुले?"
दिसले.
"तू मले दिसली नाही.
एवढंच विकतो मी. साडेनऊशे."

ल्युमेन किती, मी विचारलं. रात्रीतून शिकलेला शब्द.
"खोक्यावर हजार हाय. अर्धे खरे धर.
डोळ्यावर मार, बाजूला सरक, पळ.
अन् उजेड छातीसमोर धरू नको,
थो उजेडाच्या मागंच झेपावते."

घरी येताना मेट्रोचे खांब मोजत होते
आणि मधेच आठवलं :
एकोणचाळीस वर्षांत
मी कुणालाच पाहिलं नव्हतं
आपण दिसत असल्याची खबरदारी घेतल्यावाचून.

अकराव्या रात्री, एकशे साठाव्या पावलाला
तीच शीळ.
अंगठ्यानं मला विचारलं नाही.

उजेडात एक विडी,
एक पाय चपलेत, एक मातीवर,
आणि आमचा टाइमकीपर तारेकर,
जो सकाळी माझ्या वहीवर सही करतो
आणि ताई म्हणतो.
"कोण आहे? कोण आहे बे?"

नाव, गाव, नवरा, पाळी,
सगळं विचारल्याबरोबर सांगत आलेली मी
काहीच बोलले नाही.
उजेड तसाच ठेवून, बाजूला सरकून
उरलेली ऐंशी पावलं
पळायचं सोडून चालले. हवालदारांना हे सांगितलेलं नाही.

सकाळी त्यानं सही केली. मान खाली.
पेन दोनदा उमटलं नाही.

दर रविवारी चार्जिंगला लावते.
दर सोमवारी अर्ज देते,
चार दिवे, वजनकाटा ते पार्किंग, लवकरात लवकर.
साहेब म्हणाले, आता तुमच्याकडे टॉर्च आहे ना?

आहे.
अर्जाची पोच द्या.